तिच्या नावापुढचा लाल गोल

ते प्रशिक्षण नाशिकला इंदिरानगरमध्येच होतं, माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं. म्हणजे सकाळी चिडायला मला काही कारण नव्हतं. तरी दुपारच्या चहापर्यंत डोकं तापलं. विषय होता 'शिक्षकांसाठी एआय साक्षरता'. पडद्यावर एकामागून एक चित्रं येत होती आणि प्रत्येक चित्राखाली कोणतं बटण कधी दाबायचं ते लिहिलेलं. प्रार्थनेच्या वेळी मुलांसमोर टॅब धरायचा, यंत्र चेहरे ओळखून हजेरी लावणार, आणि त्या हजेरीवरून कोणतं मूल पुढे शाळा सोडणार हेही आधीच सांगणार. हिरवा गोल म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे धोका.

मी उभी राहून विचारलं, "मुलांचे चेहरे साठवता कुठे? आणि ते बघतं कोण?"

"क्लाउडवर आहेत, मॅडम. एकदम सुरक्षित."

"क्लाउडवर म्हणजे कुणाकडे?"

"प्रश्न शेवटी घेऊ या ना," असं म्हणून प्रशिक्षक पुढच्या चित्राकडे वळले. शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो झाला, प्रश्न काही झाले नाहीत. साक्षर माणसाला वाचता येतं आणि वाचलेल्यावर विचारता येतं, असं मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले. इथे आम्हा शिक्षकांना नव्याने अंगठा उठवायला शिकवत होते आणि त्याला साक्षरता म्हणत होते. मला त्याचा आजही संताप येतो.

माझी शाळा चांदवडजवळच्या एका गावात आहे, सातवीपर्यंतची. नाशिकहून आम्ही काही शिक्षिका एका गाडीने जाऊन-येऊन करतो. चेहरे नोंदवायचे म्हणून आदल्या दिवशी पालकांना बोलावून सांगायचं होतं. काय सांगायचं, ते मलाच कुणी सांगितलेलं नव्हतं. सातवीतल्या एका मुलीची आई म्हणाली, "फोटो हाय ना, मग वेणीफणी करून पाठवते तिला." दुसऱ्या दिवशी ती मुलगी दोन घट्ट वेण्या आणि नव्या रिबिनी लावून आली आणि टॅबसमोर हसून उभी राहिली. पालकांची संमती म्हणून जी काही वर कळवली गेली, ती एवढीच.

ही मुलगी गणितात पक्की. फळ्यावर माझं उदाहरण लिहून होईपर्यंत हिचं उत्तर तयार, आणि ते उत्तर सांगायची घाई इतकी की मला दटावावं लागे. आठवीसाठी तिला चांदवडला जायचं होतं, एसटीने. वडील अर्धेमुर्धे तयार होते. मोठे चुलते मात्र नको म्हणत होते आणि त्या घरात चुलत्यांचा शब्द चालतो. वडलांचं मन तेवढं पक्कं करायचं होतं.

आमच्या गावात थंडीत कांद्याची लागवड सावडीने होते. आज सगळ्या बाया तुमच्या वावरात, उद्या आमच्या. ज्या घरातून सावडीला माणूस गेलं नाही, त्या घराच्या वावरात कुणी पाऊल ठेवत नाही. त्या हिवाळ्यात या मुलीच्या आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं, तिला वाकता येत नव्हतं. म्हणून आईच्या जागी ही सकाळी रोपं लावायला जायची आणि मधल्या सुट्टीनंतर शाळेत यायची, हाताला कांद्याच्या रोपांचा वास घेऊन. लागवडीच्या दिवसांत शाळेने हे कायम चालवून घेतलंय. सकाळचं राहिलेलं आम्ही खेळाच्या तासाला भरून काढतो. मुलांनी वावरात राबावं असं मला वाटत नाही. पण मी रागवले म्हणून तिची आई वाकायला लागणार नव्हती.

टॅबला यातलं काही कळत नव्हतं. त्याला प्रार्थनेत ती दिसत नव्हती, एवढंच. दुपारभर वर्गात बसून ती भागाकार करत होती आणि टॅबच्या लेखी ती शाळेतच नव्हती. तिच्या नावापुढचा गोल पिवळा झाला, मग लाल.

त्यानंतर एका सकाळी तिचे वडील शाळेत आले. चप्पल दाराबाहेर काढली, फोन माझ्यापुढे धरला. संदेश होता, 'आपल्या पाल्याची शाळा सोडण्याची शक्यता अधिक आहे.' मला न विचारता, मला न कळवता, शाळेच्या नावाने गेलेला.

"मॅडम, हे तुम्हीच पाठवलं ना? मोठा भाऊ म्हणतो, शाळाच म्हणती पोरगी टिकायची नाय, तर तू कशाला पास काढतो तिचा."

"मी नाही लिहिलं हे," मी म्हणाले. "हे यंत्राने लिहिलंय."

त्यांनी फोन स्वतःकडे वळवला. "यंत्रानं? मग तर खरंच असंल. माणूस एखाद्या टायमाला चुकंल."

मी खूप समजावलं. ती किती हुशार आहे, दुपारी कशी येते, सगळं सांगितलं. ते मान हलवत राहिले, पण बघत होते फोनकडेच.

तालुक्याला या कामासाठी नेमलेल्या समन्वयकांना मी त्याच दुपारी फोन केला. ते म्हणाले, "गैरहजेरीचं कारण निवडा ना मॅडम, सोपं आहे." कारणं होती आजारपण, स्थलांतर, घरगुती कार्यक्रम, मजुरी. सावड त्यात नव्हती. आजारपण निवडलं तर खोटं, मजुरी निवडली तर बालमजुरीचा शेरा तिच्या घरावर. आणि मुळात ती गैरहजर नव्हतीच, हे सांगायला तर कुठे जागाच नव्हती. लाल गोल पुसायचा कसा, असं विचारलं तर म्हणाले, तो हाताने पुसता येत नाही.

"मॉडेल अजून शिकतंय, मॅडम. जितका डेटा जास्त, तितकं अचूक होईल."

"ते शिकेपर्यंत माझ्या वर्गातली मुलगी शिकायची थांबतेय, त्याचं काय?"

"तुम्ही फार भावनिक होताय," ते म्हणाले. मी फोन आपटला. मोबाइल आपटून काही होत नाही, उलट काचेला तडा गेला आणि ती मलाच बदलून घ्यावी लागली.

घरात बोलणं झालं असणार. दोन वेण्यांची ती मुलगी त्यानंतर उत्तर सांगायची घाई करेनाशी झाली. एकदा मी वह्या तपासत असताना टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मी शाळा सोडणार हे त्याला माझ्याआधी कसं कळलं?"

"त्याला काही कळत नाही गं," मी म्हणाले.

"मग पाठवलं कशाला?"

याचं उत्तर ज्यांना यायला हवं होतं ते इंदिरानगरात फोटो काढून निघून गेले होते.

जूनमध्ये ती चांदवडच्या शाळेत गेली नाही. मी घरी जाऊन आले. चुलते ओट्यावर बसले होते. म्हणाले, "तुम्हीच कळवायचं आणि तुम्हीच समजवायला यायचं, हे काय बरं नाय, मॅडम." आई आतून बाहेर आलीच नाही. मुलगी पेरणीच्या सावडीला गेली होती, आता तिची ती रोजची जागा.

पुढे आढावा बैठक झाली. पडद्यावर आमच्या शाळेचं नाव आलं, त्याखाली एक लाल गोल आणि त्याच्याशेजारी हिरवी बरोबरची खूण. 'अंदाज अचूक.' समन्वयक कौतुकाने माझ्याकडे बघत होते. मी उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हा अंदाज नव्हता. तुमच्या या संदेशामुळेच तिची शाळा सुटली." कुणीतरी खोकलं, कुणीतरी पाण्याची बाटली उघडली, आणि पुढची शाळा पडद्यावर आली.

त्या मुलीची धाकटी बहीण आता पाचवीत आहे. या वर्षी पहिल्यांदा टॅब उघडला तर तिच्या नावापुढे पिवळा गोल. शाळा सुरू होऊन आठवडा झालेला नाही, ती प्रार्थनेत पहिल्या ओळीत उभी असते. मी फोन करून विचारलं. घरात आधी कुणी शाळा सोडलेली असेल तर तेही धरलं जातं, असं उत्तर मिळालं. म्हणजे आधी मोठीला घरी बसवलं, आणि आता तिचं घरी बसणं धाकटीच्या नावावर लावलं.

या वेळी मी संदेश जाईपर्यंत थांबले नाही. शाळा सुटल्यावर गाडीतल्या मैत्रिणींना पुढे जायला सांगितलं आणि या बहिणींच्या घरच्या वावरात गेले. वडील पाइप जोडत होते. मी म्हणाले, "धाकटीबद्दल फोनवर काही आलं तर भावाला दाखवायच्या आधी मला दाखवा. ती चांगली शिकतेय."

त्यांनी पाइप खाली ठेवला आणि खिशातला फोन वरून चाचपला.

"हिचं बी आलं का, मॅडम?"