दिवाळीनंतरचा वर्ग

१२ नोव्हेंबर, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. मंठा रस्त्याला ट्रक उभा होता. त्यात भांडी, गोधड्या, कोयते, दोन शेळ्या, आणि या साऱ्यावर बसलेली माणसे. आमच्या चौथीच्या वर्गातील आरती त्यांच्यात होती. मांडीवर तिचा तान्हा भाऊ. कुटुंब ऊसतोडीला निघाले होते. मी तिला खाली उतरवायला आलो होतो.

हे मी हसनाबादला, माझ्या गावी, राहिलेल्यांसाठी लिहीत आहे, आणि माझ्यासारख्या तेथून निघून आलेल्यांसाठीही. भेटलात की तुम्ही विचारता, मास्तर, तुमच्या शाळेचा निकाल एवढा खाली का? याचे उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. निवृत्तीनंतर मानधनावर मी ज्या सरकारी शाळेत शिकवतो, ती जालन्यात, एमआयडीसीच्या वाटेवर आहे. जूनमध्ये तिचा वर्ग भरतो तो मंठ्याकडून आलेल्या मजुरांच्या आणि मागच्या वस्तीतील मुलांनी. दिवाळी झाली की ऊसतोडीची कुटुंबे निघतात आणि खिडकीकडची रांग रिकामी होते. मग सळयांच्या कारखान्यांत नव्याने लागलेल्या बिहारी कामगारांची मुले त्या रांगेत येऊन बसतात. ती हुशार असतात; परंतु त्यांना मराठी उमजू लागते तोवर परीक्षा येते. शिकवलेले एकाला असते, तपासले जाते दुसऱ्याला. आपल्यासारख्या गाव सोडून स्थिरावलेल्यांची नातवंडे पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. माझीही जातात. ही तक्रार नाही.

आरती दर दिवाळीपर्यंत धडा घडाघडा वाचू लागे, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतली की अक्षर अक्षर जुळवत बसे. तीन वर्षे हेच चालले. आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला दुसऱ्या शाळेत नाव घालावे लागते, आणि चौथी मध्येच सोडलेली मुलगी तिथवर जात नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

मी स्वतः सातवीनंतर हसनाबाद सोडले. एसटीत बसवताना वडिलांनी एकच सांगितले, "कोणाच्या घरात पसारा करू नको." जालन्याला लांबच्या काकांकडे राहिलो. त्यांनी पोटभर जेवू घातले; त्यांना बोल लावणार नाही. परंतु माझी पिशवी कॉटखाली असे. वही काढायची, लिहायचे, पुन्हा पिशवीत घालून तोंड बांधायचे. पहिल्या वर्षी गणितात नापास झालो. गणित मला येत होते; त्या घरात वह्या पसरून बसता येत नव्हते.

ट्रकपाशी आरतीचा बाप सुदाम दोरी आवळत होता.

"सुदाम, हिला ठेवून जा. परीक्षेपर्यंत माझ्या घरी राहील."

"तुमचं बराबर हाये सर. पण आम्ही दोघं फडात गेल्यावर बारक्याला कोण बघंल? त्याच्यासाठीच नेऊन राह्यलो तिला."

वरून तिची आई मीरा म्हणाली, "पोरीची जात हाये सर. लोकं काय म्हणतील?"

"माझी बायको घरात आहे. रोज संध्याकाळी फोन लावीन, तिच्याशीच बोला."

सुदामची आई खाली पिशवी धरून उभी होती. तिला दरवर्षी वाटेत मंठ्याला, लेकीकडे सोडत असत. ती म्हणाली, "मंग मी येते की फडावर. मला काय धाड भरली?"

"माय, तुला झेपंल का थंडीत, पाचटाच्या कोपीत?"

"ऊस तोडायला न्हाई म्हणत, पोरगं खेळवायला म्हणते. तुला कोणी खेळवलं रे? मुकादमानं?"

ट्रकमधली माणसे हसली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. "आजी, जल्दी करा! कारखाना वाट बघतोय तुमची."

"बघू दे. नवरीला उशीर व्हतोच."

मीराने एकवार सासूकडे पाहिले आणि बाळ आरतीच्या मांडीवरून स्वतःकडे घेतले. तोच तिचा होकार. आरती उतरली, दप्तर आणि कपड्यांची पिशवी घेऊन. आजीला मात्र दोघांनी धरून वर चढवावे लागले. त्या वयात उघड्या माळावर थंडी काढायला ती निघाली होती, आणि हे माझ्या सांगण्याने झाले होते. ट्रक वळेपर्यंत मी उभा राहिलो.

घरी पत्नी म्हणाली, "आधी मला विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तर?"

"हो म्हटलं असतं. पण विचारायचं." आणि तिने आरतीपुढे पोह्यांची बशी ठेवली.

त्या दिवशी खिडकीकडच्या रांगेत आरती एकटीच बसली. मी वाचायला सांगितले. तिने वाचले, कुठेही अडली नाही.

संध्याकाळी मीराचा फोन आला. आजीचे पाय दुखत होते, बाळ झोपले होते. आरती "हां, हां" एवढेच म्हणाली. मग अभ्यास केला, वह्या दप्तरात भरल्या, बंद आवळले, आणि दप्तर दाराशी चपलांजवळ नेऊन ठेवले. कपड्यांची पिशवीही तिथेच होती, बांधलेली. कोणी काही सांगितले नव्हते.

हसनाबादला आपले घर आहे, असे मी अजून म्हणतो, आणि ते खरे आहे. तरी घराविषयी आज मला इतकेच निश्चित सांगता येते, की जिथे पिशवीचे तोंड सोडून ठेवता येते ते घर. काकांकडच्या मुक्कामात ते मला जमले नाही.

मी हातोडी शोधली. आरतीला भिंतीला पाठ लावून उभे केले, तिच्या खांद्याच्या उंचीवर खूण केली आणि खिळा ठोकला. ओढून पाहिला. पक्का बसला होता. दाराशी असलेले दप्तर आणून त्यावर टांगले, आणि हातोडी जागेवर ठेवली.