चवथीवाचून फुगडी

"राख लावून घास. तीनदा."

बाईसाबांनी रॅकेट माझ्यापुढं टाकली. मी तिच्या मुठीला हात लावला होता, म्हणून मूठ बाटली होती. आणि ती धुवायची कुणी? मीच. त्याच हातांनी! माझ्या हातानं बाटलेली मूठ माझ्याच हातानं शुद्ध करून घेणारं डोकं सबंध जोयड्यात एकच होतं, आणि ते जंगल-साहेबाच्या बंगल्यात राहायचं.

आमचा मुलूख तेव्हा नुकताच म्हैसूर राज्यात गेला होता. साहेबाची ही बायको शहरातली. रानात तिचा जीव रमेना. उसासा असा टाकायची की बंगल्याची कौलं वर उचलली जायची आणि खडखडत परत बसायची. बेळगावच्या डॉक्टरनं सांगितलं, रोज अर्धा तास खेळा, घाम काढा, मन हलकं होईल. झालं! अंगणात जाळी लागली. बाईसाब आणि लाकूड-ठेकेदाराची बायको बॅडमिंटन खेळू लागल्या. महिनाभरात बाईसाब चक्क गुणगुणायला लागल्या. कौलं गप्प बसली. खोटं नाही सांगत, डोळ्यांनी पाहिलं.

माझं काम? सकाळी कुंभारवाड्याकडून लाकडाची मोळी आणायची. मोळी एवढी की वाटेतच पाखरं तिच्यावर घरटं बांधून पिल्लं उडवायची. मग खेळताना काट्यात पडलेलं ते पिसांचं फूल वेचून द्यायचं; ते मात्र माझ्या हातानं कधी बाटलं नाही. धाव. वाक. दे.

त्या दिवशी बाईसाब पाणी प्यायला आत गेल्या. मी रॅकेट उचलली आणि हाणला एक फटका. फूल गेलं ते थेट उळवीच्या जत्रेत कुणाच्या तरी फेट्यावर पडलं असणार. पण फुलाचं सोडा. डोक्यावर ओझं नाही, हात आभाळात, आणि मी हसत होते. एकटीच. छातीतलं काहीतरी सुटलं होतं.

बाईसाब दारातच उभ्या होत्या. मूठ धुऊन झाल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला कसला गं व्यायाम? ओझी वाहता, तोच तुमचा व्यायाम."

ओझ्यानं मान मोडते. ओझ्यानं मन हलकं झालेली एक तरी बाई दाखवा मला!

दुसऱ्या दिवशी फूल पुन्हा काट्यात.

"ए, आण."

"न्हाई."

"काय?"

"वाका की जरा, बाईसाब. डाक्टरानं घाम काढायला सांगितलाय न्हवं?"

ठेकेदाराची बायको फिसकन हसली. माझं बंगल्यातलं काम तिथंच सुटलं.

दुसऱ्या सकाळी रानात आम्ही बायका मोळ्या बांधत होतो. मी शेजारच्या शांतक्काचे हात धरले. "चल, फुगडी घालू."

"आज? चवथ हाय व्हय?"

आमच्यात फुगडी गणपतीच्या चवथीलाच. सासूही मोळीला आलेली. ती कडाडली, "देव न्हाई, सण न्हाई! गाव काय म्हणंल?"

"सण देवाचा, आत्याबाई. अंग माझं."

फिरलो. झाडं फिरली, डोंगर फिरले, सासू तर चारही दिशांना दिसू लागली. वर्षभर 'व्हय-न्हाई'पलीकडं न बोललेली शांतक्का किंचाळली, "जोरात गं!"

सासूनं त्या दिवशी मला भाकरी दिली नाही. ठीक. उपाशी ठेवा, नावं ठेवा. रोज, मोळीला हात लावायच्या आधी, मी फिरणार. देवासाठी नाही, साहेबासाठी नाही. माझ्यासाठी. ज्याला अडवायचंय त्यानं फिरणाऱ्या दोघींच्या मधे येऊन उभं राहावं.