नाशाच्या दाखल्याचा दाखला

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला अख्खी गल्ली 'कुलूप' म्हणते. तोंडावर नाही म्हणत, पण त्यांना ते माहीत आहे, आणि मनातून आवडतंही असावं. सरकारला तोफगोळे पुरवणाऱ्या एका कंपनीत ते एकतीस वर्षं नोकरीला होते. तिथे ते काय करतात, हे सांगायची त्यांना मनाई होती. बरं, आम्ही विचारत कुठे होतो? पण न विचारताही न सांगायची त्यांची तयारी अशी जय्यत असायची, की समोरच्याला उगीचच आपण हेर असल्यासारखं वाटावं.

आता त्या कारखान्यात काय बनतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बसचा कंडक्टर रोज फाटकापाशी ओरडायचा, "तोफगोळेवाले, उतरून घ्या!" निम्मी बस उतरायची. भाऊजी मात्र खिडकीबाहेर बघत बसून राहायचे, पुढच्या स्टॉपवर उतरायचे आणि एक किलोमीटर उलटं चालत यायचे. एकतीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. कंडक्टर येता-जाता त्यांना हाक मारून "तुमचा स्टॉप गेला हो!" म्हणायचा, तरी शत्रूला यांचा सुगावा लागला नाही.

घरीही तीच तऱ्हा. वाणसामान घेऊन झालं की यादीचे सोळा तुकडे व्हायचे, आठ डाव्या खिशात, आठ उजव्या. एकदा साबण राहिला म्हणून ताईनं यादी मागितली, तर म्हणाले, "नष्ट केली." साबण राहिला तो राहिलाच, पण ताईच्या घरात किती तूरडाळ लागते हे परक्या देशाला कळायचं वाचलं.

मी हसते खरी, पण ताईनं या माणसापायी जे सोसलं त्याचा मला राग येतो. कारखान्यात चाचणीचा बार उडाला की आमची भांडी थरथरायची. ताई हातातलं काम टाकून खिडकीत जाऊन उभी राहायची आणि संध्याकाळी ते कोपऱ्यावर दिसेपर्यंत तिचा जीव टांगणीला. त्यांच्या बोटांच्या टोकांवर कायम भाजल्याचे डाग असत. त्यावरून तिनं आपलं ठरवूनच टाकलं होतं, की हे गोळ्यांत दारू भरतात. एका वर्षी तिथे खरोखरच स्फोट झाला. रुग्णवाहिका आमच्या रस्त्यावरून गेल्या. भाऊजी नेहमीच्या वेळेला आले, हातपाय धुतले. ताई रडत म्हणाली, "अहो, तुम्ही तिथे होतात का?"

भाऊजी म्हणाले, "कुठे?"

त्या दिवसापासून ताईची झोप उडाली ती उडालीच. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, डोळ्याला डोळा काही लागेना.

निवृत्तीला पाच दिवस उरले होते. एवढ्या नोकरीत त्यांच्या नावावर एकही शेरा नव्हता. कोरं सेवापुस्तक घेऊन घरी यायचं, एवढी एकच हौस या माणसानं आयुष्यात केली. आणि नेमकं त्यांच्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या माणसानं गोपनीय कागद मोजले, तर एक कमी. कुठल्याशा रेखाचित्राची चार नंबरची प्रत.

रविवारी सकाळी सुरक्षा अधिकारी थेट घरी हजर. मी ताईचा ब्लाऊज द्यायला गेले होते, ती तिथेच अडकले. त्यांच्या माणसांनी गाद्या उलटल्या, पिठाचे डबे हलवून पाहिले, देवाच्या फोटोमागेही डोकावले. मिळाले ते यादीचे तुकडे.

अधिकारी म्हणाले, "कागद गेला कुठे, बोला. नाहीतर 'गोपनीय कागद गहाळ' असा शेरा मारून मी मोकळा होतो."

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना माहीत होतं, हे दिसत होतं. पण ते आमच्याकडे बघून म्हणाले, "इथे सांगता येणार नाही, साहेब. अनधिकृत व्यक्ती हजर आहेत."

अनधिकृत व्यक्तीनं नुकताच त्यांच्यासमोर चहा ठेवला होता.

"बरं," अधिकारी ताईकडे वळले. "वहिनी, यांनी घरी कधी कामाबद्दल काही सांगितलंय? काही दाखवलंय?"

ताईनं पदराला हात पुसले. "साहेब, एकतीस वर्षं झाली. हे तिथे करतात तरी काय, ते आता तुम्हीच सांगा."

अधिकारी म्हणाले, "अहो वहिनी, हे कागद सांभाळतात. तळघरातल्या खोलीत तीन कपाटं आहेत, त्यांच्या किल्ल्या यांच्याकडे. पाकिटं बंद करायची, वर लाख लावायची."

"आणि दारू?"

"दारूगोळ्याच्या जवळपासही नाहीत. तो विभाग दोन किलोमीटर लांब आहे."

ताईनं नवऱ्याचा हात धरला, उलटा केला आणि बोटांची टोकं पाहिली. "म्हणजे हे लाखेचे चटके?"

भाऊजींनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. परवानगीसाठी.

ताईनं हात सोडला. "'मी कपाटांपाशी असतो,' एवढंच म्हणायचं होतंत," ती म्हणाली. "एवढ्यानं कुणाचं राज्य बुडणार होतं?"

मग ती चपला घालून स्वतःच्याच घराबाहेर जिन्यात जाऊन बसली, त्यांना बोलता यावं म्हणून. मीही निघाले, पण कान दाराला लावला. मला कुठलंच बंधन नव्हतं.

आतून कुजबुज ऐकू आली. ते रेखाचित्र दहा वर्षांपूर्वी नियमानुसार नष्ट केलं होतं. नष्ट केल्याचा दाखला केला, त्यावर भाऊजींनी भक्तिभावानं 'गोपनीय'चा शिक्का मारला. पाच वर्षं झाली की जुने गोपनीय कागद नष्ट करायचे असा नियम. म्हणून तो दाखला नष्ट केला. त्याचा दाखला केला, त्यावरही शिक्का मारला. पाच वर्षांनी, म्हणजे गेल्या महिन्यात, तोही नष्ट केला. आता नाशाच्या दाखल्याच्या नाशाच्या दाखल्याचा नाश केल्याचा दाखला तेवढा तिसऱ्या कपाटात, खालच्या कप्प्यात होता.

अधिकारी इतके हसले की शेजारीण बाहेर आली. ताई नाही हसली.

दुसऱ्या दिवशी दाखला मिळाला. शेरा टळला. भाऊजी कोऱ्या सेवापुस्तकानिशी निवृत्त झाले, पण जाता जाता एक तक्रार देऊन आले: सुरक्षा अधिकाऱ्यांनी एका कर्मचाऱ्याच्या कामाचं स्वरूप अनधिकृत व्यक्तीसमोर, म्हणजे सदर कर्मचाऱ्याच्या पत्नीसमोर, उघड केलं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी दहा वाजता ताईनं पिशवी उचलली. भाऊजींनी विचारलं, "बाहेर चाललीस?"

"कुठे?" ताई म्हणाली, आणि निघाली.

तेव्हापासून रोज दहाला जाते, पाचला येते. ती माझ्या शिवणाच्या दुकानात येते. मागच्या खोलीत खाट आहे, तिच्यावर पडते, आणि तीन मशिनींच्या खडखडाटात गाढ झोपते. काल तर घोरत होती. संध्याकाळी मी तिला कोपऱ्यापर्यंत सोडते, तेव्हा भाऊजी खिडकीत उभे असतात. परवा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ही दिवसभर असते कुठे गं? घास उतरत नाही मला."

मी म्हटलं, "भाऊजी, मला सांगायची परवानगी नाही."