घंटा एक फेरी आधी

बोम्मसंद्रातल्या कारखान्यांच्या रस्त्यांवर दर जानेवारीत व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत होते. एकाच रस्त्याला चाळीस फेऱ्या, आणि शेवटची सुरू झाली की घंटा. ती वाजवायचा मान बावीस वर्षं एकोजीराव मोहित्यांचा. खिशात चाळीस चिंचोके घेऊन ते उभे राहायचे. दर फेरीला एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात.

गेल्या वर्षी आयोजक अनिलकुमारने संगणक आणला. "अण्णा, चिंचोके कशाला? मी सांगतो की!" एकोजीरावांनी त्याचं ऐकलं, तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. शर्यतीतली मेघाश्री एकटीच सगळ्यांना मागे टाकून येताना दिसली, तेव्हा त्यांनी विचारलं, "आता शेवटचीच ना रे?"

"सरी, सरी," अनिलकुमार म्हणाला. कानडीत सरी म्हणजे बरं. पण तो बोलत होता फोनवर, चहावाल्याशी! एकोजीरावांनी दणकून घंटा बडवली.

चूक कळेपर्यंत मेघाश्री पुढे निघून गेली होती; मागच्यांना खुणा करून सावध करता आलं. मेघाश्रीनं मात्र होतं नव्हतं ते बळ त्या फेरीत ओतलं, रेघ ओलांडून दोन्ही हात वर केले. अजून एक फेरी बाकी होती. ती अकरावी आली.

एकोजीराव तिच्यापाशी गेले. हेल्मेट काढत तीच म्हणाली, "सरी, अण्णा."

यंदा चाळीसही चिंचोके खिशात होते. घंटा अगदी वेळेवर वाजली. मेघाश्रीनं सायकल केव्हाच विकून टाकली होती.