बाथरूममधून आलं असेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी कोण — तर जिच्या तोंडाला बंगळुरूजवळच्या आनेकलची आमची अख्खी गल्ली टरकून असते, ती. भाजीवाला असो की घरमालक, तोंडावर सुनावणारी. तुम्हाला वाटेल, असल्या बाईच्या पोटात काय राहणार? राहिलं. सहा वर्षं राहिलं.

आमची आई लवकर गेली. धाकट्या भावाला, सतीशला, मीच वाढवला, त्यात माझं लग्न राहूनच गेलं. तो बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात लागला, तेव्हा नगरकडची मुलगी बघून मीच त्याचं लग्न लावून दिलं. वैशाली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले, निम्मं कन्नडच बोलतो. तिला मात्र ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, एवढंच यायचं, तेही मी शिकवलेलं. दुकानात, बसमध्ये, शेजारी — तिच्या वतीनं मीच बोलायची. अक्का, अक्का करत ती माझ्यामागे असायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

तिला पाचवा महिना लागला आणि अंगावरून हिरवट जायला लागलं. खाज, जळजळ. नवऱ्याला सांगायला लाजली, मला सांगितलं. मी तिला आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रिपोर्ट आल्यावर बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याशी कन्नडमध्ये सावकाश बोलल्या. हा डोळ्यांना न दिसणारा जीव आहे, संबंधातून येतो, हिला नवऱ्याकडूनच आला असणार. गोळ्या दोघांनीही घ्यायच्या. दोघं बरी होईपर्यंत जवळ यायचं नाही. नाहीतर पुन्हा लागण होईल, आणि बाळ वेळेआधी होण्याची भीती असते.

वैशाली माझ्या तोंडाकडे बघत होती. “काय म्हणाल्या, अक्का?”

मला आठवले ते सतीशचे रविवार — होसूरला मित्राकडे जातो म्हणून घालवलेले. मी वाढवलेला मुलगा, हो. आणि समोर ही, पोटावर हात ठेवून बसलेली.

“बाथरूममधून आलं असेल, म्हणाल्या,” मी म्हटलं. “गोळ्या घे, जाईल.”

तिनं मान डोलावली. खालच्या भाडेकरूंचं आणि आमचं बाथरूम एकच. का नाही पटणार?

घरी सतीशला गच्चीवर गाठला. सगळं सुनावलं. रडला, चुकलो म्हणाला. मी त्याच्या हातात गोळ्या दिल्या, तिच्यापासून लांब राहा म्हणून बजावलं. दोन दिवसांनी विचारलं तर म्हणतो, “घेतल्या अक्का. तुझी शपथ.”

इकडे वैशाली रोज सकाळी ते पोट सांभाळत, उकिडवी बसून बाथरूम घासायची. फिनेल, ब्रश, परत फिनेल. नको म्हटलं तरी ऐकेना. आणि एके दिवशी जेवताना सतीश तिला म्हणाला — माझ्यादेखत म्हणाला — “आमच्या घरात असलं कधी कुणाला झालं नव्हतं. जरा स्वच्छ राहायला शीक.”

असा संताप आला! माझंच खोटं उचलून त्यानं तिच्या अंगावर फेकलं होतं. पण मी काय केलं? त्याच्या भातावर सारू वाढलं.

पुढच्या आठवड्यात त्याची पँट भिजवताना खिशात गोळ्या सापडल्या. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं. शपथ कुणाची घेतली होती? माझी. मी ती ओली पँट हातात धरून रडले. एवढी फसवणूक मला जन्मात कुणी केली नव्हती.

पण थांबा. मी रडले हे सांगून तुमच्याकडून दया उकळायची नाहीये मला. खरं सांगायचंय ते अजून पुढेच आहे.

वैशालीचा त्रास परत सुरू झाला. परत त्याच खुर्च्या. ते न फोडलेलं पाकीट माझ्या पर्समध्ये होतं — आज बाईंच्या टेबलावर ठेवायचं, असं ठरवूनच निघाले होते मी. बाईंनी कन्नडमध्ये विचारलं, नवऱ्यानं घेतल्या ना गोळ्या?

“हौदु,” मी म्हटलं. हो. घेतल्या.

बाईंनी तसं लिहून घेतलं. वैशाली माझ्याकडे बघून हसली, काहीतरी चांगलंच बोललं गेलं असेल म्हणून. पर्सची चेन मी उघडलीच नाही.

मुलगी जवळजवळ दोन महिने आधी झाली. कितीतरी आठवडे काचेच्या पेटीत होती. त्यामुळेच झालं असं ठामपणे सांगता येणार नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले होते. त्या वाक्याच्या आड मी लपत नाही. मुलगी पेटीत असताना मी सतीशसमोर उभी राहून त्याला गोळ्या गिळायला लावल्या. हे आधी करता आलं नसतं का? आलं असतं.

आता वैशाली माझ्यापेक्षा फर्डं कन्नड बोलते. कुणी आलं की कौतुकानं सांगते, त्या दिवसांत अक्का नसत्या तर डॉक्टरांचं एक अक्षर मला कळलं नसतं.

मुलगी सहा वर्षांची झाली. बारीक आहे, थंडीत धाप लागते. बाथरूममध्ये पाय टाकायच्या आधी ती दारातूनच तांब्याभर पाणी आत ओतते, मग थांबते, मग आणखी एक तांब्या. कशाला गं, म्हणून मी एकदा विचारलं.

“बाथरूममधून आजार होतो ना अत्ते,” ती म्हणाली. “आई म्हणते, तुम्हीच सांगितलं होतं.”