सोनं संपलेल्या गावातल्या काकू

काकूंना आमच्या गावाचा मनापासून तिटकारा होता, आणि त्याच गावाची टूर देऊन त्या पोट भरत.

कोलोरॅडोच्या डोंगरातलं हे एका रस्त्याचं गाव. कधीकाळी इथं सोनं सापडलं, लगेच संपलंही. तेव्हापासून गाव त्या आठवणीवर जगतंय. नव्या फळ्या जुन्या दिसतील अशा रंगवायच्या, बारच्या दारात खोट्या मिशांचा शेरीफ उभा करायचा. "बारशाला गर्दी केलीय, आणि पोर कधीच गेलंय," काकू म्हणायच्या.

मी नववीत शाळा सोडलेली. नवरा इथल्या हॉटेलात कुक, म्हणून आले. कुणी इंग्रजीत बोललं की मी नवऱ्याकडे बघायचे. काकूंनी तशीच मला आपल्या टूरच्या दुकानात घेतली. काम काय, तर वाळूच्या पिशव्यांत सोन्याचे कण टाकायचे. टूरिस्ट मग तीच वाळू पाण्यात हलवून सोनं 'शोधायचे'.

दसऱ्याच्या वीकेंडला टेक्सासच्या फ्रिस्कोहून आपली माणसं यायची. झब्बे घालून, सोनं लुटायला. एकदा एका गृहस्थांनी विचारलं, "काकू, सोनं निघायची गॅरंटी आहे ना?"

"आहे की. सकाळीच हिनं टाकलंय."

"बाबा, दिस इज सो लेम," त्यांची मुलगी म्हणाली. बाबांनी आणखी एक पिशवी घेतली.

टूर संपता संपता काकू सगळ्यांना पार्किंग लॉटमध्ये न्यायच्या. "इथं चिनी खाणकामगारांच्या झोपड्या होत्या. गावानं त्या जाळल्या, माणसं हाकलली. आता तुमच्या एसयूव्ही उभ्या आहेत." लोकांचे चेहरे पडायचे. काकूंना तेवढंच आवडायचं.

मग गावच्या पर्यटन समितीची बाई गोड हसत सांगून गेली, पार्किंगची गोष्ट टूरमधून गाळा, नाहीतर टूरचा परवाना कॅन्सल. माझी नोकरी त्या परवान्यावर. मी म्हटलं, "काकू, सोडून द्या ना. काय बिघडतं?"

"तुझी शाळा सुटली तेव्हाही लोक हेच म्हणाले असतील."

लोक तसंच म्हणाले होते.

काकूंनी गाळलं नाही. परवाना गेला. त्या अ‍ॅशबर्नला मुलाकडे निघून गेल्या, आणि समितीनं टूर मला दिली. मी भित्री, वाद घालणार नाही, हे त्यांना दिसत होतं.

पहिल्या दिवशी टूर बारपाशी संपवायची होती. लोक शेरीफबरोबर सेल्फी काढत होते. मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, अजून थोडं चालायचंय. लोक कुरकुरत आले. मी त्यांना पार्किंगमध्ये नेलं.

समितीला अजून कळलेलं नाही. कळेलच. नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मी रोज लोकांना तिथं नेते.