छत्रीवाला वाघ

सोमवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी नूतन रामटेके नागभीडजवळच्या आपल्या अंगणवाडीत बैलाचं चित्रपुस्तक उघडून बसली होती. पुढ्यात अकरा पोरं, आणि दारात मोबाइल धरून पर्यवेक्षिका मॅडम.

"हे नको, वाघाचंच घ्या. ऐकण्याच्या सरावाचा व्हिडिओ आज पाठवायचाय. मागच्या सोमवारी मुलं किती शांत बसली होती."

नूतनचं डोकं तापलं. ती शांतता तिचीच करणी होती. त्या पुस्तकातला वाघ छत्री घेऊन बाजाराला निघतो आणि वाटेत एका घराचं दार वाजवतो. आवाज काढून वाचा, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. तिने पोटातून डरकाळी काढली आणि पोरं चिडीचूप झाली. मॅडमना वाटलं, ऐकताहेत. चार वर्षांच्या निकेशखालची सतरंजी ओली झाली होती. त्याची आजी गिरजाबाई उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेली, ती परतलीच नाही. वाघाने नेली. घरी आली ती टोपली.

त्यानंतर निकेश आठवडाभर फिरकला नाही. आज त्याच्या आजोबाने, मुखरूने, त्याला कडेवर आणून सोडलं होतं.

"आवाज बढिया काढता म्हणे तुमी, बाई. आता रात्री येऊन त्याले झोपवा पन. मले अंगणात जाऊ देत नाई. पुन्हा वाघ काढला तर पोरगं इथी दिसनार नाई."

नूतनने मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. आता ती मॅडमना म्हणाली, "ते पुस्तक मी वाचणार नाही. याची आजी वाघानं नेली."

"अहो, चित्रातला वाघ आहे. हसतोय तो."

नूतनची कचेरीतली भाषा गळाली आणि घरची बोली तोंडात आली. "हसून राह्यला, हे त्याले कोन सांगन?"

"मला वर कळवावं लागेल."

"कळवा. नाव नूतन रामटेके."

तिने बैलाचं पान उलटलं. पोरं लगेच सुरू झाली.

"बाई, याच्या नाकातली येसन कुठी हाय?"

"शिंग तं म्हशीचे हाय."

"आमचा बैल असा नाई बसत."

नूतन थांबायची, उत्तर द्यायची, पुढे वाचायची. चित्रातला बैल भर रस्त्यात बसला आणि उठेना. निकेश भिंतीला पाठ लावून होता. तिथूनच तो बारीक आवाजात म्हणाला, "त्याले पानी पाजा."

मॅडमनी मोबाइल पर्समध्ये टाकला. "फार गोंगाट आहे. हा व्हिडिओ चालणार नाही." त्या निघाल्या. नूतन त्यांना पोचवायला उठली नाही. वाघाचं पुस्तक तिने तांदळाच्या कोठीमागे भिरकावलं.

दुपारी मुखरू निकेशला न्यायला आला. त्याने नूतनला नाही, नातवाला विचारलं, "काय वाचलं रे?"

"बैल. उठतच नव्हता."

मुखरूने नूतनकडे एकदा पाहिलं. "उद्या आनतो," एवढंच म्हणाला.

उद्या मंगळवार. अंगणवाडी दहाला उघडते.